अंगठ्यापुरतं

गोलाणी मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर
तलरेजाने काचेवर पाच खोकी मांडली,
साड्या मांडतात तशी,
एकेकीचा पदर दाखवत.
हा तीनशेचा वेग, ताई. हा बत्तीस जणांना पुरतो.
हा फाइव्ह-जी, दहा वर्षं बघायला नको.

म्हटलं, वेग राहू द्या.
मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली
मेणबत्तीसुद्धा उभी राहत नाही, न पेटवता वाकते.
हा उभा राहील का?

तो हसला. मग हसायचा थांबला.
खोक्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं
आम्ही आळीपाळीने वाचली,
चष्मा एकच होता, त्याचा.
चाळीस अंशांपर्यंत, असं लिहिलेलं.
चाळीस म्हणजे आमच्या लासूरला
होळीनंतरची सकाळ.

मग विचारत गेले,
सोयरीक बघताना विचारावं तसं, पण आडून नाही.
लाईट गेल्यावर किती तास तग धरतो?
एकाच कंपनीच्या सिमशी बांधलाय, की दुसरंही चालतं?
कारण एका टॉवरचं डिझेल संपतं
आणि दुसऱ्याचा माणूस लग्नसराईत सापडत नाही.
बँड कुठले पकडतो?
(हा शब्द परवापर्यंत माझ्यासाठी
नवरदेवापुढेच वाजत होता.)
आणि पाठीला अँटेनाचं भोक आहे का?

ते कशाला, म्हणाला.
सांगितलं, आमच्या आणि टॉवरच्या मधे
निंबा महाजनची केळी आहे, साडेसहा एकर.
एकेक पान पाण्याने भरलेलं, दाराएवढं.
बाग डोक्यावर गेली की फोनवरच्या दोन दांड्या गळतात.
घड उतरले, खोडं आडवी झाली
की गावात नेट येतं.
पोरं निंबाकाकाला भाव विचारत नाहीत,
विचारतात,
काका, कव्हय कापशात?

तलरेजाने चहा सांगितला.

घेतला तो सगळ्यांत कुरूप.
जाडा, पिवळट पांढरा, तीन वर्षांपूर्वीचा,
दोन सिमचा, बॅटरी निघणारा, पाठीला दोन भोकं.
वर दहा मीटर वायर
आणि माशाच्या काट्यासारखी एक अँटेना,
ती चोपड्याच्या एसटीत मांडीवर आडवी.
शेजारीण म्हणाली, टीव्हीनं शे का?
म्हटलं, रेशननं शे.

दिगंबर पत्र्यावर, मी आत दिव्यांसमोर.
डावीकडे. आणखी. आणखी.
गेलं! मागे ये.
तिथंच. श्वाससुद्धा घेऊ नको.

सोमवारी रांगेत पहिली रुमलीबाई पावरा,
पाड्यावरून अंधारातच निघालेली.
सगळे दिवे हिरवे.
अंगठा ठेवला.
जुळत नाही.
पुसून ठेवला. जुळत नाही.
सवयीने मी राऊटर बंद केला, चालू केला.
तो बिचारा पुन्हा हिरवाच.

तेव्हा तिचा हात उजेडात धरला.
केळीच्या चिकाने काळा,
आणि अंगठ्यावर एकही रेघ नाही,
आतून घासलेल्या तव्यासारखा गुळगुळीत.

चार वर्षं मी या खिडकीतून
नेट नाही, उद्या या, म्हणत आले.
त्यातल्या किती वेळा नेट होतं
हे आता कोणत्या डब्यात बघू?

कोमट पाणी आणलं, अर्धं लिंबू.
तर्जनी. नाही. मधलं बोट. नाही.
रांगेतले सगळे मोजायला लागले, मोठ्याने.
नवव्या बोटाला, डाव्या करंगळीला,
यंत्र टिंग वाजलं.

पस्तीस किलोची पावती निघाली.
रुमलीबाईने ती बघितली नाही,
करंगळी बघत राहिली.
मग ती कमरेच्या ओच्यात धरून,
जपून,
पोतं उचलायला उजवा हात पुढे केला.